सोलापूरच्या गच्चीवर पोत्यात आणि डब्यात बटाटे कसे घ्यावेत

घरी बटाटा लावायचा म्हटले की सोलापुरात बहुतेकांचा पहिला प्रश्न भांड्याविषयी असतो. रंगाची बादली चालेल का, धान्याचे पोते चालेल का, गळकी टाकी कापून वापरता येईल का, असे विचारले जाते. भांड्याचा विचार पुढे केलाच आहे, पण त्याआधी दिनदर्शिका हातात घ्यावी. बटाटा हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या थंड उंचीवरचे पीक आहे आणि आपल्याकडे त्याला मानवेल अशी हवा वर्षातून जेमतेम तीन महिने, तीही मुख्यतः रात्री, असते. वरचा पाला गरम हवेतही वाढतो, परंतु मातीखाली बटाटा धरण्यासाठी रात्रीचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून कमी असावे लागते, आणि माती ३० अंशांच्या घरात तापू लागली की बटाटे पोसणे जवळजवळ थांबते. म्हणून पुढील सगळ्या सूचना लावणीची वेळ आणि मुळाशी राखलेला गारवा या दोनच गोष्टींना धरून आहेत.

हे मला पहिल्या वर्षीच्या अनुभवाने शिकवले. डिसेंबरच्या अखेरीस, घरातील बटाट्यांना कोंब फुटलेले दिसले म्हणून मी ते दोन काळ्या प्लास्टिकच्या डब्यांत लावले आणि डबे गच्चीच्या पश्चिमेकडील कठड्याला टेकवून ठेवले. झाडे गुडघ्याएवढी झाली, पाने गर्द हिरवी होती आणि घरी येणारा प्रत्येकजण कौतुक करत होता. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात डबा उलटा केला तेव्हा मातीत वाटाण्याएवढ्या आठ-दहा गाठी आणि पांढऱ्या दोऱ्यांचे जाळे एवढेच मिळाले. खत कमी पडले नव्हते आणि पाणीही चुकले नव्हते. बटाटा धरायच्या वेळी फेब्रुवारीचे ऊन काळ्या डब्यातून थेट मातीत उतरत होते, एवढेच कारण होते.

लावणीची वेळ

सोलापूर शहरासाठी २५ ऑक्टोबर ते २० नोव्हेंबर हा लावणीचा काळ मी योग्य मानतो. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यावर आली तर सण उरकून लावावे आणि नोव्हेंबरात आली तर फराळाच्या तयारीआधीच लावून मोकळे व्हावे. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात लावण्याची घाई करू नये, कारण परतीच्या पावसाची एखादी सर आणि त्यामागून येणारा ऑक्टोबरचा उकाडा यांत बेणे कुजते. या हिशेबाने लावलेले झाड डिसेंबरात, म्हणजे रात्री सर्वांत गार असतात तेव्हा, बटाटे धरू लागते आणि सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास, ते पोसण्याच्या भरात असते. जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काढणी आटोपते आणि उन्हाचा तडाखा पिकाला लागत नाही.

पुणे जिल्ह्यातील खेड-आंबेगावकडे किंवा साताऱ्यातील पुसेगावकडे पावसाळ्यातही बटाटा घेतला जातो. तिकडची उंची आणि हवा वेगळी आहे, त्यामुळे तिकडचे नातेवाईक जूनमध्ये लावतात म्हणून आपणही लावावे, असे करू नये.

बेणे

ज्या बटाट्यापासून लावणी करायची त्याला बेणे म्हणतात. बटाटा हे मूळ नसून खोडाचाच मातीखाली फुगलेला भाग आहे, आणि त्यावर दिसणारे खळगे म्हणजे त्याचे डोळे, अर्थात सुप्त कळ्या असतात. प्रत्येक डोळ्यातून कोंब फुटू शकतो. तथापि नव्याने काढलेला बटाटा लगेच फुटत नाही. त्याला साधारण दोन ते अडीच महिन्यांची विश्रांती लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढून शीतगृहात ठेवलेला बटाटा ऑक्टोबरपर्यंत ही विश्रांती पूर्ण करून बसलेला असतो, त्यामुळे आपल्या लावणीच्या वेळी बेणे मिळण्यास अडचण येत नाही.

शक्य असल्यास बियाणे म्हणून विकला जाणारा बटाटाच आणावा. शेतीसाठी तो मोठ्या पोत्यांतून विकला जातो, म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याकडून किंवा बियाण्याच्या दुकानातून किलोभर सुटा मिळवण्याचा प्रयत्न करावा. तो न मिळाल्यास बाजारातील खाण्याचा बटाटा चालतो, मात्र तो निवडून घ्यावा लागतो. मंगळवार बाजारात किंवा कोणत्याही भाजीवाल्याकडे ढिगातून घट्ट, सुरकुत्या नसलेले, डाग किंवा खवले नसलेले आणि डोळ्यांत कोंबाचा पांढरा ठिपका दिसू लागलेले बटाटे वेचून घ्यावेत. काही व्यापारी साठवणीत कोंब येऊ नयेत म्हणून औषध वापरतात. अशा बटाट्याला तीन आठवडे ठेवूनही कोंब येत नाहीत. त्यामुळे लावणीच्या महिनाभर आधीच बेणे आणून पारखून घ्यावे.

आपल्याकडील बहुतेक वाणांची नावे ‘कुफरी’ या शब्दाने सुरू होतात. कुफरी हे सिमल्याजवळचे गाव आहे. १९४९ साली पाटण्यात सुरू झालेली आणि १९५६ पासून सिमल्यात असलेली केंद्रीय बटाटा संशोधन संस्था आपल्या वाणांना हे नाव जोडते. निवड करता येत असेल तर कमी दिवसांत तयार होणारा वाण घ्यावा, उदाहरणार्थ कुफरी लवकर, कुफरी चंद्रमुखी किंवा कुफरी पुखराज. कुफरी सूर्या हा उष्णता सहन करणारा वाण म्हणून ओळखला जातो, तो मिळाला तर सोलापूरसाठी उत्तमच. कुफरी ज्योती बाजारात सर्वत्र दिसतो आणि तोही चालतो.

बेण्याचे वजन ४० ते ५० ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या अंड्याएवढे, असावे. एवढा बटाटा अख्खाच लावावा. मोठा असेल तर प्रत्येक फोडीवर दोन-तीन डोळे राहतील अशा बेताने तो कापतात, परंतु नवशिक्याने पहिल्या वर्षी कापण्याच्या भानगडीत पडू नये, कारण आपल्याकडे नोव्हेंबरातही दुपारी माती गरम असते आणि कापलेल्या फोडी सहज सडतात. कापायचेच असेल तर सुरी उकळत्या पाण्यातून काढावी आणि फोडी सावलीत, हवेशीर जागी दोन-तीन दिवस पसरून कापलेल्या भागावर कोरडी खपली धरू द्यावी.

लावणीपूर्वी दोन ते तीन आठवडे बटाटे अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये, ज्या टोकाला डोळे अधिक आहेत ते टोक वर करून, उजेडाच्या पण ऊन न येणाऱ्या खोलीत मांडून ठेवावेत. अंधारात फुटलेला कोंब पांढरा, लांब आणि ठिसूळ असतो आणि हात लागताच मोडतो. उजेडात फुटलेला कोंब बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढा, जाड आणि हिरवट-जांभळा असतो, आणि त्याच्या बुडाशी बारीक पुळ्यांसारखे उंचवटे दिसतात. त्या उंचवट्यांतूनच पुढे मुळे सुटतात. असे कोंब दिसले की बेणे तयार झाले असे समजावे. एका बटाट्यावर दोन-तीन दणकट कोंब ठेवून उरलेले नखाने काढून टाकल्यास बटाटे संख्येने कमी पण आकाराने मोठे मिळतात.

भांडे

किमान एक फूट खोली, एका झाडामागे सुमारे १५ लिटर जागा आणि तळाला पाण्याचा निचरा, या तीन अटी पूर्ण करणारे कोणतेही भांडे चालते. २० लिटरच्या रंगाच्या बादलीत एक झाड लावावे. १५ किलो तेलाच्या पत्र्याच्या डब्यातही एकच झाड बसते, पण पत्रा लवकर तापतो म्हणून तो अगदी सावलीच्या कडेला ठेवता येत असेल तरच घ्यावा. धान्याच्या ५० किलोच्या विणलेल्या प्लास्टिकच्या पोत्यात दोन झाडे लावावीत, तीन लावून गर्दी करू नये. जुना प्लास्टिकचा क्रेट असल्यास त्याला आतून गोणपाटाचे अस्तर लावावे.

माझी पसंती तागाच्या पोत्याला आहे. किराणा दुकानात किंवा जुन्या बारदानाच्या व्यापाऱ्याकडे ते थोड्या पैशांत मिळते, त्याला वेगळी छिद्रे पाडावी लागत नाहीत आणि त्याच्या अंगातून पाणी झिरपून वाळत असल्यामुळे आतली माती माठातल्या पाण्यासारखी गार राहते. सोलापूरची हिवाळ्यातली हवा कोरडी असल्याने हा गुण आपल्याला विशेष उपयोगी पडतो. ताग एका हंगामात तळाशी कुजतो हे खरे, पण तीन महिन्यांच्या पिकाला तेवढे आयुष्य पुरते.

सिमेंटच्या गोण्या सर्वांना सहज मिळतात, म्हणून त्यांबद्दल सावध करावेसे वाटते. त्यांच्या शिवणीत आणि घडीत सिमेंटची पूड राहते, ती अल्कधर्मी असते, आणि बटाट्याला किंचित आम्लधर्मी माती लागते. गोणी उलटी करून, झटकून, दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन आणि वाळवूनच वापरावी. रसायनांचे, कीटकनाशकांचे किंवा यंत्राच्या तेलाचे डबे कितीही धुतले तरी घेऊ नयेत. रंगाची बादलीही फक्त पाण्यात मिसळणाऱ्या रंगाची घ्यावी आणि आतला वाळलेला थर पूर्ण खरवडून काढावा.

बादली किंवा डबा असल्यास तळाला बोटाच्या जाडीची आठ-दहा छिद्रे पाडावीत आणि तळापासून दोन बोटे वर बाजूलाही चार छिद्रे ठेवावीत, म्हणजे तळ गच्चीला चिकटून बसला तरी पाणी बाजूने निघून जाते. छिद्रांवर जुन्या सुती कापडाचा तुकडा अंथरावा. तळाला खडी घालण्याची सवय अनेकांना आहे, पण त्याने निचरा सुधारत नाही आणि बटाट्याची जागा मात्र कमी होते.

भरलेले पोते ओले झाल्यावर ३५ ते ४० किलोपर्यंत जाते. त्यामुळे दहा-बारा पोती गच्चीच्या मधोमध एकत्र ठेवू नयेत. ती भिंतीच्या किंवा तुळईच्या रेषेवर, विटांच्या जोड्यांवर थोडी उचलून ठेवावीत. विटांमुळे खालून हवा खेळते, स्लॅब सतत ओला राहत नाही आणि गच्चीच्या तापलेल्या फरशीची धग मातीला लागत नाही. पोते भरण्याआधीच त्याची जागा ठरवावी, कारण भरलेले पोते नंतर ओढले की शिवण उसवते.

माती

सोलापूरच्या आसपासची काळी माती ज्वारीला चांगली असली तरी भांड्यातल्या बटाट्याला एकटी चालत नाही. ती पाण्याने चिकट होते, वाळली की दगडासारखी आवळते, आणि तिच्यात चुनखडी असल्याने ती अल्कधर्मी असते. अशा मातीत बटाटे वेडेवाकडे होतात आणि सालीवर खवड्यांसारखे खरखरीत डाग पडतात. म्हणून एक घमेले बागेची माती, एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत आणि एक घमेले भिजवलेला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असे समप्रमाणात मिसळावे. पाच किलोची कोकोपीटची वीट भिजल्यावर ६० लिटरहून अधिक भरते, त्यामुळे चार पोत्यांना एक वीट पुरते. ती भिजवल्यावर पहिले तपकिरी पाणी ओतून द्यावे, कारण त्यात क्षार असतात. कोकोपीट नको असेल तर कडुनिंबाचा किंवा पिंपळाचा पूर्ण कुजलेला पालापाचोळा तेवढाच घ्यावा. प्रत्येक पोत्यामागे दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी.

ताजे शेण मात्र घालू नये. त्यातून मुळे कुरतडणाऱ्या हुमणीच्या अळ्या येतात, सालीवरच्या खवड्याला आमंत्रण मिळते आणि कुजताना निघणाऱ्या उष्णतेने कोवळी मुळे भाजतात. चुलीची राख घालण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. आम्लधर्मी मातीत ती उपयोगी पडते, पण आपली माती आधीच त्या उलट बाजूला झुकलेली असल्याने राख टाळलेली बरी.

मिश्रण झाले की ते किंचित ओलसर करून मुठीत घट्ट दाबावे आणि मूठ उघडावी. गोळा राहिला पाहिजे आणि अंगठ्याने हलके टोचताच तो भुसभुशीत होऊन फुटला पाहिजे. अंगठा रुतून चिकट खड्डा पडला तर माती जास्त आहे, आणि मूठ उघडताच सगळे सांडले तर कोकोपीट जास्त आहे किंवा ओल कमी आहे. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ती स्थिती हाताला ओळखीची झाली की पुढे पाणी देण्याचाही अंदाज चुकत नाही.

लावणी आणि मातीची भर

पोत्याची कड बाहेर दुमडत दुमडत त्याची उंची निम्मी करावी आणि तळाला वीतभर मिश्रण भरून हलके दाबावे. त्यावर बेणे कोंब वर करून, दोन बेण्यांत किमान एक वीत अंतर आणि कडेपासून चार बोटे अंतर ठेवून मांडावे. वरून चार बोटे जाडीचे मिश्रण सावकाश टाकावे, म्हणजे कोंब मोडत नाहीत. झारीने एकदाच, मिश्रण ओले होईल एवढे पाणी द्यावे. त्यानंतर कोंब मातीबाहेर येईपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते तीन आठवडे, पाण्याचा मोह आवरावा. या काळात झाडाला पाने नसतात, ते बेण्यातल्या साठ्यावर वाढत असते, आणि नवशिक्यांचे सर्वाधिक बेणे याच दिवसांत रोज पाणी दिल्यामुळे कुजते. वरचा थर बोटभर खोल कोरडा वाटला तरच शिंपडावे.

झाड एक वीत उंच झाले की पहिली भर घालावी. म्हणजे पोत्याची दुमड थोडी उलगडून, खोडाभोवती तेच मिश्रण चार-पाच बोटे चढवावे आणि वरची पानांची झुपकी उघडी ठेवावी. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेवढीच भर द्यावी. दोन भरी पुरतात, फार तर तिसरी द्यावी.

असे का करायचे ते एकदा नजरेने पाहिल्यास लक्षात राहते. साधारण पाच आठवड्यांच्या झाडाच्या बुडाशी बोटाने माती हलकेच बाजूला केली तर खोडातून आडवे निघालेले पांढरे, सुतळीच्या जाडीचे दोरे दिसतात. त्यांचे टोक किंचित आकड्यासारखे वळलेले असते आणि त्या वळणाशीच हरभऱ्याएवढा फुगवटा येऊ लागलेला असतो. तोच बटाटा. हे दोरे लावलेल्या बेण्याच्या वर, मातीत गाडलेल्या खोडातून फुटतात. त्यांना उजेड लागला तर ते बटाटा धरण्याऐवजी पानांची फांदी होऊन वर येतात, आणि तयार झालेल्या बटाट्याला उजेड लागला तर तो हिरवा पडतो. पाहून झाल्यावर माती तशीच परत लोटावी आणि हा प्रयोग एकाच झाडावर, एकदाच करावा.

चार-पाच फूट उंच पोते भरत नेले की थरावर थर बटाटे लागतात असे चित्र अनेक चित्रफितींत दाखवले जाते. लवकर तयार होणाऱ्या वाणांत बटाटे बेण्याच्या वरच्या वीतभर पट्ट्यातच धरतात, त्यामुळे त्याहून उंच भर घालणे म्हणजे माती, श्रम आणि गच्चीवरचा भार वाढवणे आहे.

पाणी

शहराच्या अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही आणि बहुतेक घरांत ते पिंपात साठवावे लागते. बटाट्याला मात्र एक दिवस भरपूर आणि चार दिवस काहीच नाही, असे चालत नाही. कोरड पडल्यानंतर एकदम पाणी मिळाले की वाढ थांबलेला बटाटा पुन्हा वाढू लागतो आणि त्याला आल्यासारख्या गाठी फुटतात, तडे जातात किंवा आत पोकळी पडते. म्हणून दोन-तीन पोत्यांसाठीच पाण्याचा साठा करता येत असेल तर दोन-तीनच लावावीत, हे मी आग्रहाने सांगेन.

बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसून पाहावे. टोकाला गार ओल लागली तर पाणी देऊ नये. कोरडे लागले तर तळातून थेंब पडू लागेपर्यंत, पण सावकाश, द्यावे. नोव्हेंबरात तीन-चार दिवसांआड, आणि पाला भरल्यावर बहुधा एक दिवसाआड पाणी लागते. लावणीनंतर ३५ ते ६० दिवस हा बटाटे धरण्याचा आणि पोसण्याचा काळ असतो, त्यात खंड पडू देऊ नये. या दिवसांत बाहेरगावी जायचे असेल तर शेजारच्या काकूंना बोट घालून पाहण्याची ही पद्धत समजावून जावे, नुसते ‘रोज पाणी घाला’ असे सांगून जाऊ नये.

पाणी सकाळी, मातीवर द्यावे, पानांवर ओतू नये. तांदूळ, डाळ किंवा भाजी धुतलेले पाणी चालते, साबणाचे चालत नाही. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाते म्हणून झाडांना घालण्याचा मोह होतो, परंतु त्यात क्षार एकवटलेले असतात. बोअरचे पाणी अनेक ठिकाणी मचूळ आहे. तेच वापरावे लागत असेल आणि मातीवर पांढरी पापडी दिसू लागली तर नळाचे पाणी आल्या दिवशी एकदा भरपूर पाणी देऊन क्षार तळातून वाहू द्यावेत.

ऊन आणि गारवा

बटाट्याला रोज सहा तास तरी थेट ऊन लागते, आणि त्याच उन्हाने भांडे तापलेले त्याला चालत नाही. म्हणून ऊन पानांना मिळावे आणि भांडे झाकलेले राहावे अशी मांडणी करावी. सकाळचे ऊन पूर्ण येते आणि दुपारी तीननंतर जिन्याची किंवा टाकीची सावली पडते अशी पूर्वेकडील जागा सर्वांत चांगली. ती नसेल तर पोती एकमेकांना चिकटून ओळीत ठेवावीत, म्हणजे फक्त बाहेरची बाजू तापते. त्या बाजूला विटा, पुठ्ठा किंवा पांढरे कापड उभे करावे.

प्रत्येक सोलापूरकराच्या घरात कपाटाच्या तळाशी एखादी विरलेली चादर असतेच. ती दुहेरी घडी करून पोत्यांभोवती गुंडाळावी, सुतळीने बांधावी आणि दुपारी भाजी धुतलेल्या पाण्याने ओली करावी. जानेवारीच्या दुपारी दोन वाजता मी एका हाताने उघड्या काळ्या बादलीला आणि दुसऱ्या हाताने ओल्या चादरीत गुंडाळलेल्या पोत्याला स्पर्श करून पाहिला. बादलीवरचा हात काही क्षणांत मागे घ्यावा लागला, आणि चादरीवरचा हात तसाच ठेवावासा वाटला. मुळांना जाणवणारा फरकही तोच आहे.

मातीच्या पृष्ठभागावर चार बोटे जाडीचे आच्छादन घालावे. उसाचे पाचट, तुकडे केलेला कडबा किंवा वाळलेला पाला, जे मिळेल ते चालते. रसवंतीवरची ताजी चिपाडे मात्र गोडव्याने मुंग्या आणतात, म्हणून ती नको.

खत, कीड आणि रोग

पहिल्या भरीच्या वेळी प्रत्येक झाडामागे दोन ओंजळी गांडूळ खत द्यावे आणि दुसऱ्या भरीच्या वेळी पुन्हा तेवढेच. युरिया घालू नये. त्याने पाला माजतो आणि बटाटे उशिरा धरतात.

कोवळ्या शेंड्यांवर मावा, पानांखाली तुडतुडे आणि पांढरी माशी दिसते. दर तीन-चार दिवसांनी पान उलटून पाहण्याची सवय लावून घ्यावी. सुरुवातीला पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. कीड वाढल्यास ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण विरघळवून संध्याकाळी फवारावे. पानांवर वर्तुळावर्तुळांचे तपकिरी डाग पडले तर तो लवकर येणारा करपा असतो. तशी पाने तोडून कचऱ्यात टाकावीत, खताच्या खड्ड्यात टाकू नयेत. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये दुष्काळ ओढवला तो उशिरा येणाऱ्या करप्यामुळे. तो करपा ढगाळ, थंड आणि दमट हवेत पसरतो, त्यामुळे आपल्या कोरड्या हवेत त्याची भीती कमी असली तरी डिसेंबरात चार-पाच दिवस आभाळ राहिले तर पाने रोज पाहावीत.

महाराष्ट्रात बटाट्याला पाकोळीचा उपद्रवही होतो. हा लहान करडा पतंग उघड्या पडलेल्या बटाट्याच्या डोळ्याशी अंडी घालतो आणि अळी आत शिरून बोगदे करते. मातीला भेग पडून बटाटा दिसू लागला की लगेच माती झाकावी, हाच त्यावरचा घरगुती उपाय आहे. वांगी, टोमॅटो आणि मिरची बटाट्याच्याच कुळातील असल्याने त्यांच्या कुंड्या शेजारी ठेवू नयेत.

झाडाला पांढरी किंवा जांभळट फुले आली तर आनंद वाटतो, आणि न आली तरी काही बिघडत नाही. फुलांनंतर क्वचित लहान हिरव्या टोमॅटोसारखी फळे धरतात. ती विषारी असतात. घरात लहान मुले असतील तर ती दिसताच खुडून टाकावीत. बटाट्याचा पालाही गुरांना किंवा शेळीला घालू नये.

काढणी

लवकरचे वाण ७५ ते ९० दिवसांत तयार होतात. पाने पिवळी पडून झाड लोळू लागले की पाणी बंद करावे, आठवडाभर थांबावे, पाला जमिनीलगत कापावा आणि आणखी पाच-सहा दिवसांनी, साल पक्की झाल्यावर, काढणी करावी. अंगठ्याने घासल्यावर साल निघत असेल तर बटाटा साठवणीसाठी अजून कच्चा आहे. असा कोवळा बटाटा त्याच दिवशी सालीसकट वाफवून, शेंगदाण्याच्या चटणीसोबत खाण्यात जी गोडी आहे ती बाजारातल्या बटाट्यात मिळत नाही, म्हणून एक झाड मी दरवर्षी १५ दिवस आधीच काढतो. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातही पाला हिरवा असेल तर वाट पाहू नये. पुढच्या उष्णतेत बटाटे वाढत नाहीत, उलट पोते तापून ते आतच खराब होऊ लागतात.

काढण्यासाठी खुरपे वापरू नये. जुनी ताडपत्री अंथरून पोते त्यावर आडवे करावे, माती हाताने मोकळी करावी आणि कोपऱ्यांतही पाहावे, कारण दोरे कडेला जाऊन तिथे बटाटे धरतात. एका झाडाला ४०० ते ६०० ग्रॅम मिळाले तर पीक चांगले आले असे समजावे. म्हणजे चार पोत्यांतून तीन ते पाच किलो बटाटे होतात. बाजारभावाने मोजायला गेले तर पहिल्या वर्षी खर्चही भरून येत नाही, हे आधीच माहीत असावे. माती आणि पोती एकदा जमल्यावर पुढील वर्षांत खर्च कमी होतो.

बटाटे धुऊ नयेत. माती सुकू द्यावी, हाताने झटकावी आणि घरातल्या अंधाऱ्या, हवेशीर कोपऱ्यात आठ-दहा दिवस पसरून ठेवावेत. उन्हात एक दुपारही वाळवू नयेत. हिरवे पडलेले बटाटे खाऊ नयेत, कारण हिरवेपणासोबत त्यांत सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेले असते आणि ते शिजवल्यानेही जात नाही. साठवण टोपलीत किंवा गोणपाटात, कांद्यापासून दूर करावी. आपल्या उन्हाळ्यात घरात ठेवलेले बटाटे मार्चअखेरपर्यंत संपवावेत. त्यातून पुढच्या हंगामाचे बेणे राखण्याचा प्रयत्न करू नये, ऑक्टोबरपर्यंत ते घरात टिकत नाहीत.

उरलेल्या मातीत लगेच पुन्हा बटाटा, टोमॅटो किंवा वांगे लावू नये. मुळे वेचून माती ओलसर करावी, गच्चीवर ताडपत्री अंथरून तीवर ती वीतभर जाड पसरावी, वरून पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा विटांनी दाबाव्यात आणि एप्रिल-मेच्या उन्हात चार ते सहा आठवडे तशीच ठेवावी. ४० अंशांच्या पुढचे आपले ऊन प्लास्टिकखाली मातीतील बुरशी, कीड आणि तणाचे बी यांचा बराचसा नाश करते. जूनमध्ये त्याच मातीत थोडे गांडूळ खत मिसळून घेवडा, गवार किंवा मेथी लावावी, आणि तीच माती पुन्हा बटाट्यासाठी मध्ये एक वर्ष सोडून घ्यावी. विणलेली प्लास्टिकची पोती धुऊन, घडी करून जिन्याखाली सावलीत ठेवावीत. गच्चीवर उन्हात पडून राहिली तर दिवाळीत उचलताना त्यांचा भुगा हातात येतो.